आठवड्याचा कार्यक्रम आणि उलट बोलणारा श्रोता

आज चिंचवडमध्ये बसून आपण रेडिओचा इतिहास पाहणार आहोत. सुरुवात करू आकाशवाणीच्या आठवड्याच्या कार्यक्रमपत्रिकेपासून. सकाळी भक्तिगीतं आणि बातम्या, दुपारी स्त्रियांसाठी, संध्याकाळी शेतकऱ्यांसाठी, सुट्टीच्या दिवशी मुलांसाठी, रात्री गाणं नाहीतर नभोनाट्य. आपल्यापैकी अनेकांच्या घरी या कार्यक्रमांवरून वेळ कळायची. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याला त्यात आणखी एक गोष्ट दिसते : आपला श्रोता कोण, असं केंद्राला वाटतं, ते या पत्रिकेत लिहिलेलं असतं.

पुणे केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९५३ रोजी. दीड वर्षातच, १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या दिवशी, तिथून 'गीतरामायण' सुरू झालं. कल्पना सीताकांत लाड यांची, शब्द गदिमांचे, संगीत सुधीर फडके यांचं. दर आठवड्याला एक नवं गीत, अशी एकूण ५६ गीतं. लोक रेडिओला हार घालत, हे आपण ऐकलेलं आहे. श्रोता इथं हात जोडून बसलेला होता.

गंमत अशी, की गीतरामायण चालू असतानाच याच केंद्रावर अगदी उलट प्रकारचा एक प्रयोग झाला. फेब्रुवारी ते एप्रिल १९५६. युनेस्कोच्या मदतीनं पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत श्रोता मंडळं उभी राहिली. मूळ नमुना कॅनडातला. तिथले शेतकरी १९४१ पासून असे एकत्र बसून ऐकत होते. आपल्याकडे दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, संध्याकाळी अर्धा तास कार्यक्रम, असे एकूण २०.

पद्धत साधी होती. गावातले पंधरा-वीस जण रेडिओभोवती जमायचे. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद करायचा आणि बोलायला लागायचं. हे आपल्या गावात जमेल का? पैसा कुठून आणायचा? चर्चेचा अहवाल आणि शंका निमंत्रक केंद्राकडे पोस्टानं पाठवायचा. मग पुढच्या कार्यक्रमांत त्यांना उत्तरं मिळायची. म्हणजे बघा, रेडिओ बोलत होता, तसा ऐकतही होता.

या प्रयोगाचं मोजमाप टाटा समाजविज्ञान संस्थेमार्फत पॉल न्यूराथ यांनी केलं. मंडळ असलेली गावं, नुसता रेडिओ असलेली गावं आणि रेडिओच नसलेली गावं, अशी त्यांनी तुलना केली. मंडळांच्या गावांत लोकांची माहिती लक्षणीय वाढली. नुसता रेडिओ होता तिथं फरक फार कमी पडला. फरक पडला होता तो चर्चेनं. १९५९ मध्ये ही योजना देशभर नेली गेली. एक उणीवही सांगायला हवी. मंडळांत बसणारे बहुतेक पुरुषच होते.

आता आपल्या भागाकडे येऊ. त्याच सुमारास पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहत होता. भोसरी, आकुर्डी, चिंचवड ही तेव्हा शेतीचीच गावं. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, १९७० मध्ये इथं नगरपालिका आली, १९८२ मध्ये महानगरपालिका. पुढे कांद्याच्या बाजारासाठी ओळखलं जाणारं चाकण गाड्यांच्या कारखान्यांसाठी ओळखलं जाऊ लागलं. शेतकऱ्याची संध्याकाळ गेली आणि शिफ्ट आली. संध्याकाळचे साडेसहा म्हणजे कुणाची सुट्टी, कुणाची ऐन कामाची वेळ. सगळ्या गावानं एका वेळी बसावं, ही सोयच उरली नाही.

आकाशवाणीनं कामगारांची दखल घेतली नाही असं नाही. मुंबई केंद्राच्या 'कामगार सभा' या कार्यक्रमाचं नाव जुन्या श्रोत्यांना आठवत असेल. पण नावात सभा असली, तरी गाणी लावून काम करणारा किंवा घरी आडवा झालेला श्रोता सभेत बसलेला नसतो.

आज चाकणला मराठवाड्यातून, विदर्भातून, बिहारमधून आलेली मुलं एका खोलीत पाच-सहा जण राहतात. खोलीभाडं, कंत्राट, पाणी, बस यांबद्दल त्यांच्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ आहे. प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे, ऐकायला वाटेल तितकं आहे. १९५६ च्या त्या मंडळांतल्या शेतकऱ्याकडे यातलं काहीच नव्हतं. पण त्यानं विचारलेल्या प्रश्नाला पुढच्या कार्यक्रमात उत्तर मिळायचं. आपल्या भागासाठी उद्या कुणी आठवड्याचा कार्यक्रम आखायला बसलं, तर त्यांनी आधी एवढंच ठरवावं, की आठवड्यातला कोणता अर्धा तास आपण गप्प बसून ऐकणार आहोत.