नाथांच्या कवितेंतील कचेरी

छत्रपति संभाजीनगराहून वेरुळाच्या वाटेनें निघालें, कीं दहा मैलांच्या आंतच देवगिरीचा किल्ला दिसूं लागतो. याच शहराच्या दक्षिणेस तीस-बत्तीस मैलांवर पैठण आहे. एका स्थळीं एकनाथमहाराजांचे गुरु जनार्दनस्वामी रहात. दुसऱ्या स्थळीं नाथांचा जन्म झाला आणि १५९९ मध्यें समाधीहि तेथेंच झाली. या परिसरांतील श्रोत्यांपुढें एक प्रश्न मांडावासा वाटतो : कवीचा काळ ध्यानांत घेतल्यावांचून त्याची कविता समजते काय ?

नाथांच्या भारुडांत ‘अर्जदास्त’ नांवाचें एक प्रकरण आहे. १५७३ मध्यें काशीस भागवताची टीका पुरी करणारा हाच पंडित येथें फारसी शब्दांची नुसती रेलचेल करतो. ही भ्रष्ट भाषा नाथांनीं कां स्वीकारली, असें भाषाशुद्धीच्या अभिमान्यांस वाटणें स्वाभाविक आहे.

उत्तर इतिहासांत आहे. १३१८ मध्यें यादवांचें राज्य संपलें. १३२७ मध्यें महंमद तुघलकानें देवगिरीस राजधानी आणली. पुढें बहामनी सत्ता आली आणि १४९९ मध्यें किल्ला निजामशाहीकडे गेला. म्हणजे नाथांच्या काळापर्यंत फारसी दप्तर दोन शतकांहून अधिक काळ या मुलुखांत रुळलें होतें. जनार्दनस्वामी स्वतः किल्ल्यावरील अधिकारी होते, अशी परंपरा आहे. नाथांनीं गुरूच्या हिशेबांतील एका पैची चूक रात्रभर जागून शोधून काढली, ही कथा तर घरोघर ठाऊक आहे. ती अक्षरशः खरी मानावी कीं नाहीं, हा प्रश्न निराळा. पण दप्तराशीं नाथांचा परिचय होता, ही गोष्ट त्यांची कविताच सांगते.

या अर्जांत शरीर हा परगणा आहे. जीव हा तेथील शेकदार, बुद्धि कारकून, मन देशमुख आणि क्रोध नाईकवाडी. हे खालचे लोक कारभार सुरळीत चालूं देत नाहींत, अशी जीवाची तक्रार आहे. म्हातारपण येतें तेव्हां डोळे, कान, दांत हीं एकेक गांवें होऊन ओसाड पडूं लागतात आणि वरून यमाचा तगादा येतो. पैठणच्या बाजारांतील कुणब्यास यांतला एकहि शब्द समजावून सांगण्याची गरज नव्हती. देशमुखाची अरेरावी आणि वसुलाची धास्ती तो रोज अनुभवीत होता.

नाथांनीं ताकीदपत्र, जाबचिठी आणि अभयपत्रहि रचलें आहे. यांपैकीं अभयपत्राचा अर्थ तर काळ जाणल्याशिवाय अर्धाच कळतो. दख्खनेंत गांव उजाड झालें, कीं पळालेल्या रयतेस परत बोलावण्यासाठीं सरकार कौल देई. सारा कांहीं काळ हलका करी. ज्यानें असा कौल हातीं घेऊन पुन्हां नांगर धरला, त्यास देवाचें अभय म्हणजे काय, हें टीकाग्रंथाहून लवकर उमगलें असेल. तेव्हां ही भाषा भ्रष्ट नव्हे. ती श्रोत्याच्या भयाची आणि आशेची भाषा होय.

येथें एक सावधगिरी अवश्य बाळगावी. न्यायमूर्ति रानडे यांनीं १९०० मध्यें प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासावरील ग्रंथांत संतांच्या कार्यांत स्वराज्याची पूर्वतयारी पाहिली. उलट, संतांनीं लोकांस निवृत्तिपर केलें, असा आक्षेपहि घेतला गेला. दोन्ही पक्ष पुढें घडलेल्या गोष्टींचा उजेड मागें टाकून पाहतात. शिवाजीमहाराजांचा जन्म १६३० चा. नाथांस तो काळ ठाऊक असणें शक्यच नव्हतें. महाराजांच्या आज्ञेनें राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला, फारसी शब्दांस संस्कृत पर्याय मिळाले. तरी अर्ज, वसूल, तगादा हे शब्द आपल्या तोंडीं आजहि आहेतच.

काळाचें ज्ञान कवितेचें दार उघडून देतें, तें एवढ्याच मर्यादेंत. नाथांस कचेरीचें रूपक कां सुचलें, हें इतिहास सांगूं शकतो. तें आज आपणांस कां भिडतें, हें सांगण्यास तो अपुरा पडतो. १६३६ मध्यें निजामशाही बुडाली, शेकदार आणि नाईकवाडी गेले. पण म्हातारपणाचा तगादा कोणाच्याहि दारीं चुकलेला नाहीं.