मोजणीबाहेरचे हात

माझे काका भोसरीतल्या एका छोट्या शेडमध्ये पॉवर प्रेस चालवत. उजव्या हाताची दोन बोटे तिथेच गेली. लहानपणी मी त्याबद्दल विचारले, तेव्हा ते एवढेच म्हणाले, "आठ जण होतो रे आम्ही. आमची कुठे नोंद?" या उत्तराचा अर्थ कारखाना कायद्यांचा इतिहास वाचताना मला उमगला.

१८८१ चा आपल्याकडचा पहिला कारखाना कायदा यंत्रशक्तीवर चालणाऱ्या, शंभर किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यांपुरताच होता. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. साडेपाच हजार कामगारांचे निवेदन तयार झाले. त्यातली रविवारच्या सुट्टीची मागणी सर्वांना ठाऊक आहे. पण जखमी कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण पगार आणि कायमचा अधू झाल्यास निर्वाहाची सोय, हीही मागणी त्यात होती. लोखंडे मूळचे कन्हेरसरचे. चाकण ज्या खेड तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातले. अपघात भरपाईचा कायदा यायला मात्र १९२३ उजाडले.

दरम्यान कामगारसंख्येची अट खाली येत गेली. १८९१ मध्ये पन्नास, १९२२ मध्ये वीस आणि १९४८ च्या कारखाने अधिनियमात यंत्रशक्ती वापरणाऱ्या ठिकाणी दहा. शंभरावरून दहावर यायला ६७ वर्षे लागली. या अधिनियमाच्या कलम २१ ने यंत्राच्या धोकादायक भागांना संरक्षक आवरण सक्तीचे केले.

पुढे पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स व टेल्को, आकुर्डीत बजाज आले. हजार कामगारांच्या कारखान्याला सेफ्टी ऑफिसर नेमणे भाग पडले. सुटे भाग बनवणाऱ्या शेडमध्ये मात्र काकांसारखे आठ जण राबत राहिले.

२०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने कारखान्याच्या व्याख्येतला दहाचा आकडा पुन्हा वीस केला. संहितेतल्या काही जबाबदाऱ्या दहा कामगारांच्या आस्थापनांनाही लागू आहेत, हे खरे. तरीही आकडा उलटा फिरला.

नुसता आकडा उतरवूनही भागत नाही. ८ डिसेंबर २०२३ रोजी तळवड्यात केकवरच्या फुलबाज्या-मेणबत्त्या बनवणाऱ्या कारखान्यात आग लागली. सहा महिला त्याच दिवशी गेल्या. पुढे उपचारांदरम्यान मृतांची संख्या वाढली. हा कारखाना परवान्याविना चालत होता. म्हणजे तपासणीच्या वहीत तो नव्हताच. काकांच्या शेडसारखाच.