कागद आणि भरवसा

मराठी राज्याचा इतिहास म्हटला की आपणां महाराष्ट्रीयांच्या डोळ्यांपुढे प्रथम तलवार उभी राहते. दौत आणि लेखणी सहसा आठवत नाही. पेशवे दप्तरातील रुमाल सोडून पाहणाऱ्याला मात्र निराळेच दृश्य दिसते. रियासतकार सरदेसाई यांनी १९३० पासून चार-पाच वर्षांत ह्या दप्तरातील निवडक कागदांचे ४५ भाग प्रसिद्ध केले, आणि तो केवळ निवडा होता! एवढे कागद कशासाठी लिहिले गेले? वर्षानुवर्षे ज्यांची गाठ पडत नाही, अशा दूरदूरच्या माणसांना एका कामाला जुंपण्यासाठी. आज चार देशांत बसलेली मंडळी संगणकाच्या पडद्यावर भेटून एक काम चालवतात आणि हा प्रश्न आपल्याच काळात जन्मला असे समजतात. आमच्या मते तो जुना आहे आणि त्याचे उत्तरही जुने आहे.

पुणे आणि दिल्ली यांमधील वाट जासुदांच्या जोड्या पायी तुडवीत. निकड असली म्हणजे सांडणीस्वार निघे. तरीही उत्तर हाती पडेपर्यंत आठवडे लोटत आणि पुण्याहून सुटलेला हुकूम पोहोचेतो तिकडचा प्रसंग पालटलेला असे. म्हणून जागच्या माणसाला मुखत्यारी देणे भाग होते, आणि मुखत्यारी देणाऱ्याच्या मनात भरवसा असावा लागे. दिल्लीस हिंगणे, निजामाकडे गोविंदराव काळे असे वकील दरबारातली बारीकसारीक हकीगत कळवीत. अमुक करा एवढेच लिहून भागत नसे. ते का करावयाचे हेही लिहावे लागे. हेतू ठाऊक असलेला मनुष्य हुकुमावाचूनही योग्य ते करतो.

ही वाट तुटली म्हणजे काय होते, ते पानिपताने दाखविले. भाऊसाहेबांची फौज दक्षिणेच्या वाटेपासून तोडली गेली. मदतीस उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेबांना १४ जानेवारी १७६१ चा अनर्थ घडून गेल्यावर कळला. त्या रणातून जिवानिशी परतलेल्यांत वयाच्या एकोणिसाव्या वर्षातला एक तरुण होता, नाना फडणीस. पुढे ज्याच्या बातमीदारीचा सर्व हिंदुस्थानात दरारा बसला, त्याने बातमीची किंमत कोठे ओळखली असेल, हे निराळे सांगावयास नको.

१७७४ मध्ये बारभाईंनी कारभार हाती घेतला तेव्हा गादीचा धनी तान्हे मूल होते. सक्ती करणारा कोणी नव्हता. मन वळविणारे मात्र होते. राघोबादादांना पुढे करून मुंबईकर इंग्रज बोरघाट चढून आले, तेव्हा नाना, महादजी शिंदे आणि तुकोजी होळकर एक होते. जानेवारी १७७९ मध्ये वडगावास इंग्रजांना मान तुकवावी लागली. १७८० मध्ये नानांनी त्याहून मोठा पट मांडला. पुणे, नागपूरकर भोसले, निजाम आणि हैदर अशा चौघांनी चार दिशांनी इंग्रजांवर उठावयाचे ठरले. हैदराने कर्नाटकात आपले काम केले. निजाम हालला नाही. भोसल्यांची फौज कटकास जाऊन बसली आणि हेस्टिंग्जच्या पैशाने तेथेच थंडावली. कलमे सर्वांनी मान्य केली होती. पण आपले नुकसान झाले तरी दुसऱ्यासाठी उभे राहू, ही भावना कागदात घालता येत नव्हती.

साल्बाईचा प्रसंग ह्याच्या उलट आहे. १७ मे १७८२ रोजी महादजींनी तिकडे तह ठरविला. त्यात हैदरास जिंकलेला मुलूख सोडावयास लावण्याचे कलम होते, म्हणून नानांनी पुण्याचे मोर्तब लांबविले. डिसेंबरात हैदर वारला. तह कायम झाला तो त्यानंतर. दोघांचे मत एक नव्हते, परंतु एकाने दुसऱ्याचे काम मोडले नाही.

ही शिल्लक पुढे खर्ची पडत गेली. १७८७ मध्ये लालसोटच्या पेचानंतर महादजी अडचणीत आले. पुण्याची कुमक उशिरा आली आणि ती अलीबहाद्दर व होळकर यांच्या हाताखाली निराळी अशी आली. उत्तरेत एका कामाला दोन-तीन धनी झाले. पाठोपाठ मोहिमांच्या खर्चाच्या हिशेबावरून शिंदे आणि पुणे यांच्यात तेढ पडली. १७९३ मध्ये लाखेरीस शिंदे आणि होळकर यांच्या फौजा एकमेकींवर तुटून पडल्या. १७९५ च्या खर्ड्यावर सारे सरदार एकत्र दिसले, ते शेवटचे. महादजी आदल्याच वर्षी गेले होते. १८०० मध्ये नानाही गेले.

त्यानंतरही जासूद धावतच होते, वकील लिहीतच होते. परंतु ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ शिंदे-पेशव्यांच्या फौजा मोडल्या आणि ३१ डिसेंबरास बाजीरावांनी वसईस इंग्रजांचा आश्रय लिहून दिला. १८०३ मध्ये शिंदे आणि भोसले असई व अडगाव येथे लढले, तेव्हा होळकर बाजूस राहिले. १८०४ मध्ये होळकर लढले, तेव्हा ते एकटे होते. एकाच शत्रूने तिघांना वेगवेगळे गाठले. मागच्या वैराचा हिशेब प्रत्येकाच्या मनात ताजा होता. पत्रे पोहोचत होती. पण ती वाचणाऱ्याचा लिहिणाऱ्यावर विश्वास उरला नव्हता.

आज निरोप क्षणात सातासमुद्रापार जातो. ही सोय मोठीच आहे. नानांना ती मिळती तर त्यांनी तिचे सोने केले असते. परंतु १८०३ च्या सरदारांना ती मिळाली असती, तर ते एकमेकांवरचे आरोप अधिक लवकर पाठविते, इतकेच! दूरच्या माणसांना एकत्र राखू पाहणाऱ्याने, मग तो राज्य चालवो की एखादी सहकारी पेढी, आधी तीन गोष्टी पाहाव्यात: हेतू सर्वांना सांगितला आहे काय, एका कामाला एकच धनी आहे काय, आणि अडचणीत सापडलेल्याला कुमक वेळेवर जाते काय. ह्यांतली तिसरी गोष्ट चुकली की पहिल्या दोन फार काळ टिकत नाहीत, हे आमच्या पूर्वजांनी राज्य गमावून शिकविले आहे.