साडेदहा एकरांपासून सव्वातीन एकरांपर्यंत

1971चा जून. मृगाचा पाऊस पडून गेलाय आणि यवतमाळच्या काळ्या वावरात तुमचे पाय घोट्यापर्यंत रुतलेत. अंगणात आजी सरकी शेणाराखेत चोळतेय. तंतू बसले की दाणा सरत्यातून सुटा पडतो. बियाणं घरचं, बैल घरचे, खत गोठ्यातलं. शेजारी आज तुमच्याकडे तिफण घेऊन आलाय, उद्या तुम्ही त्याच्याकडे जाल. सावडीचा हिशेब पैशांत नाही, दिवसांत होतो. लोहाराचा भाता पहाटेपासून चालू आहे. सगळंच गोड नाही: सालदाराच्या घरी चूल एकदाच पेटते, आणि पुढच्याच वर्षी दुष्काळ यायचाय. तरी राज्यात एका खातेदाराकडे सरासरी 4.28 हेक्टर, म्हणजे साडेदहा एकर जमीन आहे.

2004. तेच वावर, पण मध्ये दोन नवे धुरे. भावांच्या वाटण्या झाल्यात. दोन वर्षांपूर्वी बीटी कापसाला परवानगी मिळाली. हे संकरित बियाणं घरी राखून चालत नाही. 450 ग्रॅमची पिशवी दरसाल दुकानातून आणायची, बहुतेकदा उधारीवर. पावसाने ताण दिला की दुबार पेरणी आणि पुन्हा पिशवी. तीन एकरांत बैलजोडीचा चारा निघत नाही. जोडी बाजारात जाते, ट्रॅक्टर तासाच्या भाड्याने येतो. बैल गेले, सावड मोडली. तिफणी नाहीत म्हणून सुतार बसून आहे, लोहाराचा भाता बंद.

2016. कृषी गणनेतली सरासरी आता 1.34 हेक्टर, जेमतेम सव्वातीन एकर. धाकटा मुलगा चाकणच्या कारखान्यात कंत्राटी कामावर गेलाय. थोरला शेती करतो, म्हणून त्याला कुणी मुलगी देत नाही. शाळेचा पट घटलाय. रात्री कुणाला दवाखान्यात न्यायचं, तर चार माणसं शोधावी लागतात.

आता आजच्या दिवसात या. शेत लहान झालं, हे अर्धंच दुखणं. शेतकरी एकमेकांपासून तुटला, तिथे गाव मोडलं. हे तुटलेलं जोडता येतं: बियाणं एकत्र घ्यावं, अवजारं सामाईक ठेवावी, माल मिळून विकावा. आणि तुम्ही शहरात राहत असाल, सातबाऱ्यावर तुमचं नाव अजून असेल, तर जमीन विकण्याआधी धुऱ्यापलीकडच्या भावाशी एकदा बोला.