जुनी पेन्शन: 'तुमच्या घरात कोण सरकारी नोकरीत आहे?' या प्रश्नाने वाद मिटतो का?

१४ मार्च २०२३ रोजी महाराष्ट्रातले लाखो सरकारी, निमसरकारी कर्मचारी आणि शिक्षक बेमुदत संपावर गेले. मागणी होती 'एकच मिशन, जुनी पेन्शन'. बोर्डाच्या परीक्षांचे दिवस होते, सरकारी दवाखान्यांत रुग्ण खोळंबले. २० मार्चला संप मागे घेतला गेला, पण सोशल मीडियावरचा वाद सुरूच राहिला. त्यात एक प्रश्न हमखास येतो, "तुमच्या घरात कोण सरकारी नोकरीत आहे?"

मुळात वाद काय आहे?

१ नोव्हेंबर २००५ पासून राज्याच्या सेवेत आलेल्यांना जुनी पेन्शन योजना लागू नव्हती. जुन्या योजनेत शेवटच्या मूळ वेतनाच्या साधारण निम्मी रक्कम आणि त्यावर महागाई भत्ता मिळतो. पेन्शनसाठी पगारातून कपात होत नाही. एनपीएसमध्ये कर्मचारी १० टक्के भरतो, सरकार १४ टक्के, आणि हातात किती येणार हे बाजारावर अवलंबून असतं. म्हातारपणाची जोखीम सरकारकडून कर्मचाऱ्याकडे गेली, हे खरं दुखणं.

मग हितसंबंध पाहायचेच नाहीत का?

२००६ साली लागलेल्या शिक्षिकेचा यात स्वार्थ आहे, हे उघड आहे. पण खासगी कंपनीत राबून ईपीएफओची किमान १,००० रुपये पेन्शन मिळणाऱ्याचा रागही तटस्थ नसतो. पैसा पेन्शनवर गेला तर भरती रखडेल, ही स्पर्धा परीक्षावाल्यांची भीती. 'तिजोरीला परवडणार नाही' म्हणणाऱ्या आमदारांना स्वतः पेन्शन आहेच!

म्हणून कोण बोलतंय यावरून पेन्शनचा खर्च तिजोरीला पेलेल की नाही, हे ठरत नाही. ते अर्थसंकल्पातल्या आकड्यांवरून ठरतं. बोलणाऱ्याचा स्वार्थ दिसला तर त्याचा दावा जास्त बारकाईने तपासावा, एवढाच त्याचा उपयोग. 'आमच्या विभागात माणसंच नाहीत' असं कुणी अनुभवाच्या जोरावर सांगत असेल, तिथे मात्र तो कोण हे विचारणं रास्त आहे.

न दिसणारा पूर्वग्रह वेगळाच असतो. सातबाऱ्यासाठी हेलपाटे घातलेल्याला संघटना म्हटलं की ते टेबल आठवतं. कोविडमध्ये सरकारी नर्सने ज्याचे वडील वाचवले, त्याला ती नर्स आठवते. दोन्ही अनुभव खरे, पण पेन्शनचं गणित दोन्हींतून सुटत नाही.

संप हा हक्क आहे का?

इथे बरीच गल्लत होते. संघटना करण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम १९ मध्ये आहे. संप करण्याचा मूलभूत हक्क सरकारी कर्मचाऱ्यांना नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली तमिळनाडूच्या प्रकरणात म्हटलं.

१ एप्रिल २०२५ पासून केंद्राने एकीकृत पेन्शन योजना आणली. किमान २५ वर्षं सेवा झालेल्यांना शेवटच्या १२ महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या ५० टक्के पेन्शनची हमी त्यात आहे. मात्र कर्मचाऱ्याचा १० टक्के वाटा कायम आहे. तेव्हा 'फुकटची पेन्शन' हा टोमणा निदान या योजनेला लागू पडत नाही.