स्मोलेन्स्कचा सेनापति शेईन

राज्यें आपल्या सेनापतींचा न्याय करतात तो त्यांच्या योग्यतेवरून कीं केवळ युद्धाच्या फळावरून, हा प्रश्न इतिहास वाचतांना आमच्यापुढें वारंवार येतो. सतराव्या शतकांतील रशियन सेनापति मिखाईल शेईन याचें चरित्र या दृष्टीनें फार उद्बोधक आहे.

१६०९ च्या सप्टेंबरांत पोलंडचा राजा तिसरा सिगिस्मुंड स्मोलेन्स्कवर चालून आला, तेव्हां त्या शहराचा अधिकारी शेईन होता. रशियांत बेबंदशाही माजली होती. पुढच्याच वर्षीं खुद्द मॉस्कोंत पोलिश फौज शिरली. तरीहि सुमारें चार मैल लांबीचा व ३८ बुरुजांचा तो तट शेईननें वीस महिने लढविला. उपासमारीनें व रोगराईनें शहर ओस पडत आलें, पण तो नमला नाहीं. १६११ च्या जूनमध्यें तट पडला आणि शेईन आठ वर्षें पोलंडच्या कैदेंत गेला.

१६१९ सालीं त्याच्याबरोबरच झार मिखाईलचे वडील फिलारेत सुटून आले व रशियन धर्मपीठाचे मुख्य झाले. राज्याचीं सूत्रेंहि त्यांच्याच हातीं आलीं आणि त्यांचा शेईनवर लोभ होता. १६३२ सालीं सिगिस्मुंड वारला, तेव्हां स्मोलेन्स्क परत घेण्याची कामगिरी शेईनवर सोंपविण्यांत आली. जो तट त्यानें राखला, तोच आतां त्याला फोडावयाचा होता! परंतु वाईट रस्त्यांमुळें मोठ्या तोफा १६३३ च्या मार्चपर्यंत पोंचल्या नाहींत. क्रिमियाच्या तातारांनीं दक्षिणेचा मुलूख लुटतांच तिकडील शिलेदार घरेंदारें राखण्यासाठीं छावणी सोडून गेले. सप्टेंबरांत नवा राजा व्लादिस्लाव आला आणि वेढा घालणाराच वेढ्यांत सांपडला. ऑक्टोबरांत फिलारेत वारले. शेईनचा पाठीराखा गेला. १६३४ च्या आरंभीं त्यानें तोफा शत्रूच्या हवालीं केल्या, निशाणें राजाच्या पायांशीं ठेविलीं आणि उरलेलें सैन्य परत आणलें. त्याच वर्षीं, जुन्या पंचांगाप्रमाणें २८ एप्रिल रोजीं, मॉस्कोंत त्याचा शिरच्छेद झाला.

शेईन सर्वस्वीं निर्दोष होता असें आम्ही म्हणत नाहीं. त्याच्या हालचाली मंद होत्या. पण कैदेंत असतांना त्यानें पोलंडच्या राजाशीं इमानाची शपथ घेतली होती, असाहि एक आरोप त्याच्यावर ठेवण्यांत आला. तो खरा मानला, तर अशा माणसाच्या हातीं सैन्य देणारांना काय म्हणावें? खोटा मानला, तर न्यायाचें नांवच नको.

१६५४ सालीं रशियानें स्मोलेन्स्क घेतलें, तें कोसॅकांच्या बंडानें पोलंड खिळखिळें झाल्यावर. वीस वर्षांपूर्वीं काळ अनुकूल नव्हता. पण काळाला शिक्षा करतां येत नाहीं. म्हणून पराभवाचें सारें खापर एका म्हाताऱ्या योद्ध्याच्या माथीं फुटलें, असें आम्हांस वाटतें.