चार वाजून सहा मिनिटे

खानदेशात ज्याने जिनिंग-प्रेसिंगमध्ये दिवस काढले, त्याला कापसाच्या आगीबद्दल वेगळे सांगावे लागत नाही. दाबून बांधलेल्या गाठीत ठिणगी शिरली की ती आतल्या आत धुमसते; वरून कितीही पाणी मारा.

१२ एप्रिल १९४४. कराचीहून ‘फोर्ट स्टिकीन’ हे जहाज मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत लागले. पोटात सुमारे १,४०० टन दारूगोळा, ८,७०० कापसाच्या गाठी, तेलाची पिंपे, सोन्याच्या विटा. दोन नंबरच्या खणात खाली कापूस, वर स्फोटके! हे शहर म्हणजे भराव घालून जोडलेली सात बेटे. माझगावच्या बाजूचा पूर्व किनारा लाटांपासून सुरक्षित, म्हणून गोद्या तिथे. आणि गोद्यांना खेटून मांडवी, मशीद बंदरची गोदामे नि दाट वस्ती. युद्धाचा माल या गर्दीतच उतरत होता.

१४ एप्रिल, शुक्रवार, दुपारी साडेबारा. शेजारच्या जहाजांवरून काहींना धुराची रेघ दिसली. कोणी कळवले नाही.

दोनच्या सुमारास. आग लागल्याचे जहाजावर कळले. बंब आले, नळ्या खणात सोडल्या. पुढच्या दोन तासांत सुमारे ९०० टन पाणी आत गेले, पण आगीचे नेमके ठिकाण सापडेना. उलट पाण्याबरोबर जळत्या गाठी तरंगत वर, स्फोटकांच्या दिशेने सरकू लागल्या. जहाज बुडवावे की गोदीबाहेर ओढून न्यावे, यावर अधिकाऱ्यांत मतभेद होते. दोन्हींपैकी काहीच झाले नाही. मला सर्वांत जास्त छळतात ते हेच दोन तास. वेळ होता, धोका माहीत होता, आणि अखेरचा शब्द कोणाचा हे मात्र ठरले नव्हते.

तीन पन्नास. ज्वाळा वर आल्या. जहाज सोडण्याचा हुकूम सुटला. बंबवाले धक्क्यावरून पाणी मारतच राहिले.

चार वाजून सहा मिनिटे. पहिला स्फोट. कप्तान नेस्मिथ त्यातच गेले. ‘जलपद्मा’ हे शेजारचे जहाज उचलले जाऊन धक्क्यावर आदळले. पेटता कापूस वस्तीवर बरसला.

चार चौतीस. दुसरा स्फोट, पहिल्याहून मोठा.

मृतांचे आकडे ८०० ते १,३०० असे वेगवेगळे दिले जातात. दुसऱ्याच दिवशी जपानच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने बातमी फोडली. इथल्या बातमीदारांना मात्र सेन्सॉरने मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत रोखून धरले. अग्निशमन दलाची ६६ माणसे गेली. त्यांच्यासाठी १४ एप्रिलला देशभर अग्निशमन सेवा दिन पाळला जातो.